प्रतीक्षेचा काळ आणि प्रेक्षकाचा कंटाळा : ‘उसकी रोटी’

मोहन राकेश यांच्या कथेवरील मणि कौल यांचा ‘उसकी रोटी’ (१९६९) समीक्षकांनी गौरविला. अनेक प्रेक्षकांना मात्र तो असह्य संथ वाटला. या कंटाळ्यास प्रेक्षकाची अनभिज्ञता म्हणणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. बसचालक सुच्चा सिंगची रोटी घेऊन बालो रस्त्यालगत थांबते. कथेतील ही प्रतीक्षा वाचक आपल्या गतीने ओलांडतो, प्रसंगी एखादा परिच्छेद गाळतोही. चित्रपटगृहात ही मुभा नसते. शिवाय कौल अभिनयातील भावावेग काढून घेतात, संवाद सपाट उच्चारवितात, बालोचा प्रत्यक्ष आणि कल्पित काळ यांतील सीमा पुसट करतात. परिणामी ‘पुढे काय’ ही उत्कंठा ओसरून निव्वळ कालावधी उरतो. ‘कंटाळा’ हा एकच शब्द येथे दोन अनुभव झाकतो : आशयशून्यतेतून येणारा, आणि दुसऱ्याचे ताटकळणे आपल्या वाट्यास आल्याने येणारा. ‘उसकी रोटी’तील कंटाळा दुसऱ्या प्रकारचा, पण तोही कंटाळाच, हे समीक्षेने मोकळेपणी मान्य करावयास हवे. गौरवपर लेखनातील ‘ध्यानमग्न’, ‘काव्यात्म’ यांसारख्या विशेषणांखाली बालोच्या थांबण्यातील जाच, नवऱ्याच्या मर्जीवर टांगलेला तिचा दिवस, दडून जातो.