पुण्य माझ्या नावावर, पाप गाडीच्या

दिल्लीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून सावकाश चक्कर मारा आणि गाड्यांची अंगं न्याहाळा. एखाद्या दाराला लांबलचक ओरखडा असतो, कुठे मडगार्डला पोचा असतो, कुठे मागचा दिवा टेप लावून जागेवर बसवलेला असतो. गाडी पंधरा लाखांची आणि अवतार असा! इथल्या लोकांना गाडीची माया नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग एका रात्री माझ्याच गाडीच्या दाराला कुणीतरी स्कूटर घासून गेलं. सकाळी मी क्लेमचा फोन लावत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे अंकलजी म्हणाले, "बेटा, पहले हिसाब तो लगा लो."

हिसाब असा निघाला. विम्यात दोन मोठे भाग असतात. थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, आणि ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीची दुरुस्ती. समजा, ओन डॅमेजचा पूर्ण हप्ता दहा हजार आहे. पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर पोचलाय, म्हणजे मी पाचच हजार भरतो. दाराचं डेंटिंग-पेंटिंग चार हजारांचं. त्यातले पहिले एक हजार नियमाप्रमाणे माझ्या खिशातून जाणार, कंपनी देणार तीन हजार. पण एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते: 20, 25, 35, 45, 50. पुढच्या वर्षी पाच हजार जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी तीन हजार, मग अडीच, मग दीड, मग पाचशे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते ते सोडून दिलं, तर तीन हजार मिळवण्यासाठी मी साडेबारा हजार मोजणार होतो!

फोन ठेवून दिला. ओरखडा अजून आहे. त्या पार्किंगमधले सगळे पोचे मला आता वेगळेच दिसतात. त्यातले कितीतरी पक्की आकडेमोड करून राखलेले असणार.

या बोनसची आणखी एक गंमत आहे. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो बोनस लावायचा. गाडी विकली तरी पुण्याई आपल्याकडे राहते.

मग पाप कुठे नोंदतात? ते नंबर प्लेटवर. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकून पाहा. मॉडेल, इंधन, नोंदणीचं वर्ष, कधीकधी आधीच्या विम्याची तारीखही क्षणात समोर येते. देशभरच्या आरटीओंची नोंद 'वाहन' नावाच्या सरकारी प्रणालीत आहे, तिथून हे सारं येतं. दिल्लीचा नंबर तर नुसत्या डोळ्यांनी पाहिला तरी बोलतो. डीएल नंतरच्या आकड्यापुढे 'सी' असेल तर ती कार आणि 'एस' असेल तर दुचाकी.

नंबरावरून भाव ठरण्याची गोष्ट जुनीच आहे. 2006 संपेपर्यंत ओन डॅमेजचा दरही सगळ्या कंपन्यांना एकच असे. टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी नावाची संस्था तो ठरवायची. तिच्या 2002 च्या दरपत्रकात देशाचे दोन झोन होते. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि आपलं पुणं ही आठ शहरं 'ए' झोनमध्ये, बाकी सगळा देश 'बी'मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, 1000 ते 1500 सीसीच्या कारला 'ए' झोनमध्ये गाडीच्या किमतीच्या 3.283 टक्के दर, 'बी'मध्ये 3.191. म्हणजे सहा लाखांच्या गाडीला वर्षाला 552 रुपयांचा फरक. झोन ठरायचा तो नोंदणीच्या कार्यालयावरून. कालिंदी कुंजचा पूल ओलांडून नोएडात गेलं, तेवढ्यावर विमा स्वस्त व्हायचा नाही. गाडीची नोंदणीच यूपी-16 हवी. 1 जानेवारी 2007 पासून दर मोकळे झाले, पण झोनची कल्पना हप्त्याच्या हिशेबात टिकून राहिली.

खरं कुतूहल मात्र पुढे आहे. दिल्लीच्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत. वेग वाढवा, लाल दिवा मोडा, चलान मोबाइलवर हजर. मग हे सगळं पाहणारा कॅमेरा विम्याच्या भावात का दिसत नाही?

हाच प्रश्न विमा नियामक इर्डाने 2019 मध्ये एका कार्यगटापुढे ठेवला. प्रयोगासाठी जागा निवडली ती राजधानी दिल्ली. जानेवारी 2021 मध्ये अहवाल बाहेर आला. ओन डॅमेज, मूळ थर्ड पार्टी, वाढीव थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा अपघात विमा या चार भागांच्या जोडीला पाचवा भाग सुचवला होता, वाहतूक नियमभंगाचा हप्ता. दारू पिऊन गाडी चालवली तर 100 गुण, चुकीच्या जागी गाडी लावली तर 10. गुण वीसच्या आत असले तर काही भरायचं नाही. त्यापुढे चारचाकीला तीनशेपासून दीड हजारापर्यंत, दुचाकीला शंभरपासून साडेसातशेपर्यंत. शाळेत गुण जास्त मिळाले की पेढे वाटायचे, इथे गुण जास्त म्हणजे खिसा हलका.

पण हा हप्ता भरायचा कुणी? गाडीच्या मालकाने. दिल्लीत पगारी ड्रायव्हर ठेवणारी घरं काही थोडी नाहीत. सिग्नल तोडणार ड्रायव्हर, गुण चढणार साहेबांच्या गाडीवर. ही अडचण मला क्षुल्लक वाटत नाही. चलान नंबराला चिकटतं, माणूस त्यामागे सहज लपतो. सप्टेंबर 2024 मध्ये दिल्लीचे तेव्हाचे नायब राज्यपाल विनयकुमार सक्सेना यांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून हप्ता नियमभंगाशी जोडण्याची मागणी पुन्हा केली. कार्यगट नेमून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

बाहेरच्या जगाने यात बराच पल्ला गाठलाय. फ्रान्समध्ये प्रत्येकाचा एक गुणक असतो. अपघाताविना वर्ष गेलं की त्याला 0.95 ने गुणायचं, आपल्या चुकीने अपघात झाला की 1.25 ने. चांगला चालक 0.50 पर्यंत उतरतो, वाईट 3.50 पर्यंत चढतो. आपल्याकडे बोनस शून्यावर आला की तिथेच थांबतो. तिकडे शून्याच्या खालीही तळघर आहे.

अमेरिकेची गोष्ट तर चक्रावून टाकणारी. तिथल्या बहुतेक राज्यांत विमा कंपनी चलानांसोबत तुमची पतही तपासते. क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर भरता का, कर्ज किती थकलंय, यावर गाडीचा हप्ता हलतो. बिल चुकवणाऱ्याचा ब्रेकशी काय संबंध? 2007 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे तपासलं, तेव्हा पतगुणांवरून क्लेमचा अंदाज खरोखर बांधता येतो असं दिसलं. का येतो, याचं पक्कं उत्तर मात्र मिळालं नाही. शिवाय कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचे गुण सरासरीने कमी भरतात, हेही दिसलं. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत ही पद्धत गाडीच्या विम्याला चालत नाही. मला त्यांचं पटतं. नोकरी गेली म्हणून हप्ते थकलेल्या माणसाने गाडीचा विमाही महाग का घ्यावा? आपल्याकडे सिबिलचा आकडा, 300 ते 900, कर्जाच्या टेबलावर किती छळतो ते पीककर्ज मागायला गेलेल्या शेतकऱ्याला विचारा. तो गाडीच्या विम्यात आला नाही तर बरंच.

गाडी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहून भाव लावायची वाट आपल्याकडे जुलै 2022 मध्ये उघडली. किती किलोमीटर चालवली, ब्रेक किती कचकन दाबले, यावर ओन डॅमेजचा हप्ता ठरवायला इर्डाने तेव्हा परवानगी दिली. आठवडाभर मेट्रोने जाणाऱ्या आणि रविवारीच गाडी काढणाऱ्या दिल्लीकराने याची चौकशी जरूर करावी.

थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारच ठरवतं, आणि तो ठरतो इंजिनच्या सीसीवर. जून 2022 पासून लागू झालेल्या दराप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला वर्षाचे 3,416 रुपये. वीस चलानं झालेल्याला तेवढेच आणि एकही न झालेल्या अंकलजींनाही तेवढेच.