आपल्या चालीने भोर-वेल्हे

आपल्याकडे सहल म्हटली की बहुतेक घरांत एकच पद्धत असते. गाडी ठरवायची, पहाटे उठून बिर्याणीचे डबे भरायचे, दिवसभरात पाच-सहा ठिकाणे उरकायची आणि रात्री उशिरा अंग मोडून घरी यायचे. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारावे, काय पाहिले, तर त्यांना कुणाला गाडी लागली ते तेवढे आठवते. घरातले वडीलधारे निम्म्या ठिकाणी गाडीतच बसून राहतात. जोहरची नमाज घाईत होते, असरची वेळ रस्त्यातच निघून चाललेली असते. पैसे खर्च होतात, पण ते गाव आपल्याला कळत नाही आणि आपणही त्या गावाला कळत नाही.

इस्तंबूल, कैरो किंवा ग्रानाडासारख्या शहरांत गेलेले आपले नातेवाईक एक वेगळी पद्धत सांगतात. तिथे एका कुटुंबापुरता एक जाणता वाटाड्या मिळतो. किती चालायचे, कुठे थांबायचे, काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे आपण ठरवायचे. तो त्याप्रमाणे वाट आखतो. पुण्यातल्या जुन्या पेठांतही अशा पायी सफरी आता होतात. आमच्या मनात आले की हेच एखाद्या तालुक्याच्या गावात का करू नये? आम्ही त्यासाठी पुणे जिल्ह्यातले भोर आणि त्याच्या शेजारचे वेल्हे निवडले.

खिडकीतून पाहिलेले गाव

आम्ही महाडकडचे. पुण्याला लग्नाला, दवाखान्याला किंवा मुलांच्या प्रवेशाला जायचे, तर वरंधा घाट चढून भोरवरून जायचे, ही जुनी सवय. पावसाळ्यात घाट बंद असला की ताम्हिणीचा वळसा. इतकी वर्षे भोर आमच्यासाठी म्हणजे एसटी स्टँडवर दहा मिनिटांचा थांबा, चहा आणि खिडकीतून दिसणारी दुकाने एवढेच होते. ओळखीचे नाव, अनोळखी गाव.

आमच्या घरात दुसरेही एक कारण होते. आमची थोरली आठवीत आहे. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत एका किल्ल्यावर वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला, "हा तुमच्या लोकांचा किल्ला नाही." तिने त्याला काही उत्तर दिले नाही, घरीही महिनाभर सांगितले नाही. पण त्यानंतर किल्ल्याचे नाव काढले की ती उठून जाऊ लागली. मराठी बोलणाऱ्या, मराठीत शिकणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत पुरल्या गेलेल्या माणसांच्या मुलीला आपल्याच डोंगरांविषयी परकेपणा वाटावा, हे आम्हाला फार लागले. समजावून सांगण्यापेक्षा पायी फिरवून आणावे, असे आम्ही ठरवले.

वाट आखताना

ओळखीतून भोरचे एक निवृत्त शिक्षक मिळाले. गावातले लोक त्यांना गुरुजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांना आम्ही फोनवर सगळे मोकळेपणाने सांगितले. आमच्यासोबत अम्मी आहेत, वय सत्तरीच्या जवळ, गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवत नाही. धाकटा सात वर्षांचा आहे, त्याला पाणी आणि चिखल दिसला की इतिहास नको असतो. जोहर आणि असरसाठी थांबावे लागेल. बाहेर आम्ही शाकाहारी जेवतो, त्यामुळे पिठले-भाकरी चालेल. आणि मुलीला भाषेची आवड आहे, तेव्हा लढायांपेक्षा शब्द आणि शिलालेख दाखवा.

गुरुजी म्हणाले, "हे बरे केलेत. लोक मला विचारतात, दिवसात किती पॉइंट होतील. तुम्ही तुमची माणसे सांगितलीत." त्यांनी दोन दिवसांचे तीन भाग केले. पहिल्या दिवशी भोर गाव, सपाट चाल. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिडा, तो फक्त चढणाऱ्यांसाठी. दुपारनंतर सगळ्यांनी मिळून वेल्हे. मानधन, वेळ आणि गाडीचा खर्च आधीच ठरला.

संस्थानाचे गाव

भोर नीरा नदीच्या काठी आहे. पुण्याहून सातारा रस्त्याने कापूरहोळला वळले की साधारण ५० किलोमीटरवर हे गाव लागते. इथे पंतसचिवांचे संस्थान होते. छत्रपती राजाराम महाराजांचे सचिव शंकराजी नारायण गांडेकर हे त्याचे मूळ पुरुष. त्यांची समाधी जवळच्या आंबवडे गावी आहे. इंग्रजांच्या काळात भोरच्या राजाला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

राजवाड्यापाशी गुरुजींनी थोरलीला पहिला प्रश्न विचारला. "सचिव हा शब्द कुठला?" ती म्हणाली, "संस्कृत." "बरोबर. पण त्याआधी या पदाला काय म्हणत?" तिला माहीत नव्हते, आम्हालाही नव्हते. "सुरनीस," गुरुजी म्हणाले. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, वाकनीस म्हणजे मंत्री, डबीर म्हणजे सुमंत. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ही पदे संस्कृत नावांनी बांधली आणि कारभारातल्या फारसी शब्दांना प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरी फारसी-अरबी शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. मुजुमदार, चिटणीस, फडणीस ही आडनावे आजही घरोघर आहेत.

मग खेळच सुरू झाला. धाकट्याच्या हातात वही दिली आणि चालताना भेटेल तो शब्द लिहायचा ठरले. दरवाजा, कमान, दिवाणखाना, दरबार, दफ्तर, खजिना, इनाम, सनद, जहागीर. अम्मी एका पायरीवर बसून शब्द पुरवत होत्या. घरात रोज वापरलेले शब्द राजवाड्याच्या चौकात सापडतात, याचे त्यांनाच जास्त कौतुक वाटत होते.

हा राजवाडा १८६९ मध्ये बांधलेला आहे. लाकडी खांब, मोठे चौक, वर सज्जे. अनेक चित्रपटांचे चित्रीकरण इथे झाले आहे. वास्तू खाजगी असल्याने आत जाण्यासाठी आधी विचारावे लागते, आणि चित्रीकरण सुरू असले तर बाहेरूनच पाहावे लागते. दर पंचवीस-तीस मिनिटांनी आम्ही कुठेतरी टेकत होतो. एकदा भांड्यांच्या दुकानात, एकदा नदीकाठच्या पायऱ्यांवर. अशा थांब्यांतच गाव बोलू लागते. दुकानदार अम्मींना म्हणाले, "भाभी, महाडचे का? आमची आत्या तिकडेच दिली आहे." पुढची दहा मिनिटे नातीगोती लावण्यात गेली.

जोहरला आमच्यातले पुरुष मशिदीत गेले. अम्मी आणि थोरलीसाठी गुरुजींच्या सूनबाईंनी आपली बैठकीची खोली मोकळी करून दिली, वुजूला पाणी दिले आणि दार ओढून घेतले. जेवायला पिठले, भाकरी, ठेचा आणि नव्या तांदळाचा गरम भात होता.

संध्याकाळी भाटघर धरण दुरून पाहिले. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले आणि तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने त्याला लॉइड धरण म्हणत. याच्या पाण्यावर नीरेचे कालवे चालतात आणि बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस पिकतो. इथल्या खोऱ्यातल्या गावांनी मात्र जमिनी पाण्याखाली दिल्या. धाकट्याने विचारले, "मग यांचा ऊस कुठे?" गुरुजी हसले आणि म्हणाले, "यांच्याकडे भात."

एका दरवाजावर दोन लिप्या

दुसऱ्या दिवशी फजर पढून आम्ही रोहिड्याकडे निघालो. अम्मी आणि धाकटा पायथ्याच्या बाजारवाडीत एका ओसरीवर थांबले. रोहिडा, म्हणजेच विचित्रगड, भोरच्या दक्षिणेला आहे. चढ बेताचा आहे, पण शेवटी दम लागतो. थोरली फारसे बोलत नव्हती.

एकामागून एक तीन दरवाजे लागतात. तिसऱ्या दरवाजावर दोन्ही बाजूंना हत्तीची शिरे कोरलेली आहेत, आणि तिथेच दोन शिलालेख आहेत. एक मराठीत, एक फारसीत. आदिलशाहीत या किल्ल्याची दुरुस्ती झाली, त्याची ही खूण. गुरुजी काही न बोलता बाजूला उभे राहिले. थोरलीने आधी देवनागरी अक्षरे लावायचा प्रयत्न केला, मग दुसऱ्या बाजूला गेली. मकतबात शिकलेली अक्षरे ती दगडावर बोटाने शोधू लागली. झिजलेल्या रेघांतून एक अलिफ सापडला, मग एक मीम. सगळा मजकूर काही तिला लागला नाही. पण त्या दरवाजावरच्या दोन्ही लिप्यांची अक्षरे ओळखणारी आमच्यात ती एकटीच होती. गुरुजींना फारसी लिपी येत नाही.

तिने विचारले, "गुरुजी, हा किल्ला नक्की कुणाचा?"

गुरुजींनी सरळ हिशेब सांगितला. आदिलशाहीत हा किल्ला बांदल देशमुखांकडे होता. बांदलांकडून तो शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे १६६० मध्ये पन्हाळ्याहून महाराज निसटले, तेव्हा घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांबरोबर लढून पडले ते याच खोऱ्यातले बांदलांचे मावळे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात किल्ला मोगलांना गेला, १६७० मध्ये परत आला. नंतर भोरचे सचिव. "धनी बदलत गेले. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाणी वाहणारे इथलेच राहिले." मग त्यांनी महाराजांच्या आरमारातला दौलतखान आणि त्यांच्या पदरी असलेले काझी हैदर यांची नावे सांगितली. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, हेही सांगितले. "तेव्हा माणसे चाकरीच्या बाजूने लढत, पोरी. आपण आता आडनावे पाहून बाजू लावतो."

उतरताना थोरलीने वही मागून घेतली आणि स्वतः लिहू लागली. किल्ला, बुरूज, हवालदार, किल्लेदार.

वेल्ह्यात न चढता

दुपारी नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला गेलो. या तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्या नावाला मंजुरी दिली. डोक्यावर तोरणा उभा. उंची सुमारे १४०० मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या किल्ल्यांपैकी हा एक, आणि प्रचंडगड हे नाव त्यांनीच दिलेले. १७०४ मध्ये औरंगजेबाने तो जिंकून फुतूहुल्गैब असे नाव ठेवले. लोकांनी मात्र तोरणाच म्हणणे चालू ठेवले.

आम्ही तोरणा चढलो नाही. आपली सफर आपणच आखल्याचा हाच मोठा फायदा. किल्ला चढला नाही म्हणून काही राहून गेले, असे कुणाला वाटले नाही. अम्मींना घेऊन पायथ्याच्या वाटेने भातखाचरांच्या बांधावरून सावकाश चाललो. गुरुजींनी खालूनच झुंजार माची आणि बुधला माची दाखवल्या, पलीकडे राजगडाचा बालेकिल्ला दाखवला. "बालेकिल्ला" या शब्दावर थोरली थांबली. फारसीत बाला म्हणजे वरचा. वरचा किल्ला तो बालेकिल्ला. हा शब्द तिने आपणहून उलगडला.

रायगडाआधी राजगडच स्वराज्याची राजधानी होता. पायथ्याच्या पाली गावी सईबाईंची समाधी आहे. तिथे अम्मी म्हणाल्या, "इतक्या मोठ्या राजाची बायको, आणि लेकरू दोन वर्षांचे टाकून गेली." संभाजीराजे तेव्हा खरेच दोन वर्षांचे होते. आम्ही सनावळ्या सांगत होतो, अम्मींना आई दिसली.

तुम्हाला जायचे असेल तर

वाटाड्या स्थानिक असावा आणि त्याला वेळ असावा. जुने शिक्षक, ग्रंथपाल, गडांवर काम करणारी तरुण मंडळी यांपैकी कुणीही चालेल. घरातल्या प्रत्येकाचे वय, दुखणे, नमाजच्या वेळा आणि जेवणाची पद्धत त्याला आधीच सांगावी. संकोच करू नये. मानधन ठरवूनच निघावे आणि निरोप घेताना ते हातात द्यावे. "घरचेच आहात" असे तो म्हणाला तरी द्यावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस असतो, गडवाटा निसरड्या होतात, वरंधा घाटाची चौकशी केल्याशिवाय निघू नये. शुक्रवारी गेलात तर जुम्याच्या वेळेला गावातच राहाल असे पाहावे. दिवसाला दोन किंवा तीनच जागा ठेवाव्यात. मुलींनाही चांगले बूट घेऊन द्यावेत. चपलांवर त्यांना मागे ठेवू नये. गडावर पाणी सोबत न्यावे, कचरा खाली आणावा. शिलालेखांवर खडू किंवा पाणी लावून वाचायचा प्रयत्न करू नये, त्याने अक्षरे झिजतात.

आणि मुलांच्या हातात एक वही जरूर द्यावी. आमच्या वहीत दोन दिवसांत ६३ शब्द जमले. शाळेत इतिहासाच्या बाईंनी ती वही वर्गात फिरवली. या सुट्टीत थोरलीने स्वतःहून राजगडाचे नाव काढले आहे, चढून जायचे म्हणते. पालीकडून पायऱ्यांची वाट आहे, ती आम्हाला सोपी पडेल. गुरुजींना फोन झाला आहे. इन्शाअल्लाह, थंडी पडली की निघू.