यावल, अनेर आणि परवान्याचा कायदा

अभयारण्य जाहीर झाले की त्या हद्दीत पाऊल टाकण्यापासून वाळकी काटकी उचलण्यापर्यंत बहुतेक गोष्टींना परवाना लागतो. खान्देशात सातपुड्याच्या उतारावर अशी दोन अभयारण्ये आहेत. जळगाव जिल्ह्यातले यावल १९६९ साली जाहीर झाले; क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे. यावल जाहीर झाले तेव्हा आजचा वन्यजीव संरक्षण कायदा नव्हता. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा लागू होता आणि शिकारीलाही रीतसर परवाना मिळत असे. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने जुनी अभयारण्ये आपल्या पंखाखाली घेतली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा परवाना इतिहासजमा केला.

या कायद्याचे कलम २७ प्रवेशाबद्दल आहे. कामावरचा सरकारी नोकर, हद्दीत ज्याचे घर किंवा शेत आहे तो, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू, एवढ्यांना परवाना लागत नाही. सातपुड्यातल्या पाल गावाकडे जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशाला कोणी कागद विचारत नाही; पण तोच रस्ता सोडून रानात शिरला तर बिनपरवाना ठरतो. आत राहणाऱ्यांना मिळालेली मोकळीक मात्र फुकटची नाही. वणवा दिसला तर विझवणे, मेलेले जनावर आढळले तर वनखात्याला कळवणे आणि खात्याची माणसे येईपर्यंत ते सांभाळणे, गुन्हेगार शोधायला मदत करणे ही कामे कायद्यानेच त्यांच्या गळ्यात घातली आहेत.

बाहेरच्या माणसाला कलम २८ खाली परवाना मिळतो. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन आणि पर्यटन ही चार कारणे सहज सुचणारी आहेत. पाचवे कारण तितकेसे माहीत नसते, पण ते फार कामाचे आहे: आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. पाड्यावर किराणा पोचवणारा किंवा धान्य घ्यायला जाणारा व्यापारी यात बसतो. परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. परवाना हातात आला म्हणजे सगळे मोकळे झाले असे नाही. त्यावरची अट मोडणे हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिकारीची शिक्षा याहून कडक आहे.

खरी गोम कलम २९ मध्ये आहे. वन्यजीव आणि वनोपज नेणे, अधिवास बिघडवणे, एवढेच नव्हे तर अभयारण्यात येणाऱ्या किंवा तिथून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे वा वाढवणे हे सारे परवान्याशिवाय बंद. हा परवाना मागणाऱ्याची निकड पाहून दिला जात नाही. नेण्यामुळे किंवा प्रवाह बदलल्यामुळे तिथल्या वन्यजीवांचेच व्यवस्थापन सुधारेल, अशी राज्य सरकारची वन्यजीव मंडळाशी सल्लामसलत करून खात्री पटावी लागते. मासासुद्धा या कायद्याच्या व्याख्येत प्राणीच आहे, हे धरणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभयारण्यात विशेष लक्षात ठेवावे लागते.

डिंकाच्या उदाहरणावरून हे नीट कळते. सातपुड्यात सालई आणि धावडा दोन्ही आहेत. धावड्याचा डिंक हिवाळ्यात लाडवात पडतो, सालईचा धुपासारखा जळतो. डिंक काढायचा तर खोडाची साल तासून जखम करावी लागते. जखम लहान आणि उथळ असेल, झाडाला मध्ये विश्रांती मिळाली, तर ते तगते. जखमेवर जखम होत गेली तर झाड उभ्या उभ्या वाळते. बाजारात भाव चढा, आणि रात्री डोंगरातून माल उतरवणे फारसे कठीण नाही. अशा ठिकाणी विकण्यासाठी डिंक काढण्याला कलम २९ मध्ये वाट नाही. व्यवस्थापनासाठी काढलेली वनोपजसुद्धा आतल्या आणि आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरतीच वापरता येते. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने मेलेली, वठलेली, वाऱ्याने पडलेली झाडे आणि गवतही अभयारण्यातून काढायला मनाई केली. त्यामुळे कायद्यात शिल्लक असलेली फट आणखी चिंचोळी झाली.

चराईचा हिशेब वेगळा आहे. कलम ३३ खाली खाते तिला परवानगी देऊ शकते, नियम घालू शकते किंवा बंदही करू शकते, आणि परवानगीची चराई कलम २९ चा भंग मानली जात नाही. म्हणून ठेलारी मेंढपाळ किंवा काठेवाडी गवळी यांच्या दृष्टीने सगळी मदार खात्याच्या निर्णयावर असते.

समुद्रातही हाच कायदा चालतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात. पाण्याला कुंपण घालता येत नाही, म्हणून कायद्याने जहाज-होड्यांचा निर्धोक जाण्याचा हक्क राखला आणि मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची तरतूद केली. तरीही मालवणात विरोध झालाच. अमेरिकेचा सागरी अभयारण्यांचा कायदाही योगायोगाने १९७२ चाच. तिथेही एरवी मनाई असलेले काम करायचे तर संशोधन, शिक्षण किंवा व्यवस्थापनासाठी परवाना काढावा लागतो.

खान्देशात २००६ च्या वनहक्क कायद्याने परवान्याच्या या व्यवस्थेत मोठा बदल केला. तो अभयारण्यालाही लागू आहे. पावरा, भिल, तडवी कुटुंबांना मोह, तेंदू, मध, कंदमुळे गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळतो. चराई आणि मासेमारीचेही सामूहिक हक्क आहेत, शिकारीचा मात्र नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासींच्या ताब्यात असलेल्या वनजमिनीवरही दावा करता येतो, आणि दावा निकाली निघेपर्यंत कोणाला हुसकावता येत नाही. नंतरची अतिक्रमणे यात बसत नाहीत, आणि यावलच्या जंगलात खाते आणि पाडे यांच्यातला वाद बराचसा याच तारखेभोवती फिरतो. मान्य झालेल्या हक्काला कलम २९ च्या परवान्याची अट लावता येत नाही. परवाना दिलेला असतो, तो परतही घेता येतो. हक्क मात्र त्या कुटुंबाचा असतो. गौण वनोपज बाहेर नेण्याचा वाहतूक परवानासुद्धा २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. हक्क मान्य झालेल्या गावात त्यासाठी रेंजरच्या सहीची गरज उरत नाही.