मुंग्यांच्या घरात फुलपाखराची अळी

■ तुरीवर : नायगाव परिसरात तूर फुलोऱ्यात आली की कळ्या-शेंगा निरखून पाहा. 'पी ब्लू' या चिमुकल्या निळसर फुलपाखराची चपटी अळी तिथे सापडते. तिच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब झिरपतो. मुंग्या तो चाटतात आणि अळीची राखण करतात.

■ वारुळात : युरोपातले 'लार्ज ब्लू' फुलपाखरू मात्र मुंग्यांच्या जिवावर वाढते. त्याच्या अळीला मुंगीच्या पिलासारखा वास येतो. फसलेल्या मुंग्या तिला वारुळात नेतात आणि ती त्यांचीच पिले फस्त करते.

■ धडा : ब्रिटनमध्ये चराई घटली, गवत वाढले, जमीन गार झाली आणि यजमान मुंग्या संपल्या. १९७९ मध्ये तिथून 'लार्ज ब्लू' नामशेष झाले. १९८३ पासून स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवले गेले. फुलपाखरे हवीत, तर मुंग्याही जपायलाच हव्यात.