गावचा दूरध्वनी गावाच्या मालकीचा का नसावा?

रस्ता, वीज आणि पाणी मिळाले की गावाच्या गरजा पुऱ्या झाल्या, असे मानण्याचा काळ केव्हाच मागे पडला. दि. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या गावांत छपरांबरोबर संपर्कही उडाला, आणि मुंबईतील चाकरमान्यांना घरची माणसे सुखरूप आहेत की नाहीत, एवढे कळण्यासाठीही कित्येक दिवस तळमळत राहावे लागले. त्याच वर्षी शाळा बंद असताना कोकणातील आणि गोमंतकातील डोंगराळ भागांतली मुले रेंजच्या शोधात पुस्तके घेऊन टेकड्या चढत होती. या हालांचे कारण केवळ निसर्गाचा कोप नव्हे. जेथे ग्राहक थोडे, तेथे मनोरा उभारणे आणि तो दुरुस्त ठेवणे व्यापारी कंपनीला परवडत नाही. आणि सरकारी खात्याच्या यादीत अशा गावाचा क्रमांक सदैव शेवटचा असतो. मग ज्यांना दूरध्वनीची गरज आहे, त्यांनीच त्याचे मालक का होऊ नये, असा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या प्रश्नाचा विचार करताना आमची दृष्टी प्रथम वडोदऱ्याकडे वळते. आज ज्याला आपण सहकार म्हणतो, त्याचा भारतातील पहिला दीप तेथे एका मराठी माणसाने लावला. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 साली 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सहकाराचा कायदा व्हायला अजून 15 वर्षांचा अवकाश होता. सभासदांनी थोडी थोडी रक्कम जमवावी आणि अडलेल्या सभासदाला त्यातूनच कर्ज मिळावे, एवढीच ती साधी कल्पना. पुढे त्याच संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1910 पासून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. तिच्यामागचे तत्त्व मोलाचे होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढावी, तेवढीच रक्कम पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. ग्रंथालय गावाचे राही. परंतु गाव एकटे पडत नसे. लोकांचा पुढाकार आणि राज्याचा हात यांचा हा मेळ आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

वडोदऱ्याचा दूरध्वनीशी असलेला संबंधही विसरण्याजोगा नाही. सॅम पित्रोदा यांनी पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी तेथीलच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली आणि मग ते अमेरिकेस गेले. परतल्यावर त्यांच्या पुढाकाराने ऑगस्ट 1984 मध्ये 'सी-डॉट' ही संशोधनसंस्था निघाली, आणि 1986 साली कर्नाटकातील कित्तूर येथे या संस्थेने घडविलेले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. वातानुकूलित खोलीची गरज नसलेले, धूळ आणि उन्हाळा सोसणारे हे यंत्र खास भारतीय खेड्यासाठी बनले होते. म्हणजे सहकाराची परंपरा होती, लोकवर्गणीचा अनुभव होता आणि पुढे खेड्याला झेपेल असे यंत्रही आले. तरीही वडोदरा जिल्ह्यात वा देशात अन्यत्र गावकऱ्यांच्या मालकीच्या दूरध्वनी संस्थांची चळवळ म्हणून उभी राहिली नाही.

याचे मुख्य कारण कायद्यात होते. 1885 च्या तार अधिनियमाने तारयंत्राचा, आणि त्याबरोबर दूरध्वनीचाही, अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. स्वातंत्र्यानंतरही तीच चौकट कायम राहिली. गावाने दूध गोळा करावे, ऊस गाळावा, कर्ज वाटावे. परंतु तार ओढावयाची ती खात्यानेच. 1994 च्या दूरसंचार धोरणाने खात्याची मक्तेदारी मोडली, तेव्हा दार उघडले ते मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांसाठी. 1998 नंतर इंटरनेट सेवेचे परवाने खुले झाले, तेही कंपनी म्हणून नोंदणी झालेल्यांनाच. सरकार किंवा कंपनी, या दोहोंपलीकडे तिसरा मालक असू शकतो, हा विचार धोरणकर्त्यांना फारसा शिवला नाही.

अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. बेलचे मूळ पेटंट 1893-94 साली संपताच तेथील शेतकऱ्यांनी आपापसांत पैसे जमवून तारा ओढल्या. काही ठिकाणी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच संभाषण चाले. 1920 साली तेथील सुमारे 39 टक्के शेतघरांत दूरध्वनी होता. परंतु 1940 मध्ये हेच प्रमाण 25 टक्क्यांवर घसरले. मंदीने शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले, जुन्या तारा गंजल्या, आणि दुरुस्तीसाठी ना निधी होता ना तंत्रज्ञ. उत्साहाने उभारलेली संस्था केवळ उत्साहावर टिकत नाही, हा त्यातील पहिला धडा.

दुसरा धडा 1949 सालचा. ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती होऊन दूरध्वनीसाठीही दोन टक्के व्याजाने दीर्घ मुदतीची सरकारी कर्जे मिळू लागली. अट अशी की, कर्ज घेणाऱ्या संस्थेने केवळ सोयीची गिऱ्हाइके न निवडता आपल्या क्षेत्रातील दूरदूरच्या घरांनाही सेवा पोहोचवावी. कर्जाबरोबर तांत्रिक मार्गदर्शनही आले. प्रत्येक सभासदाला एक मत, आणि वर्षअखेरचा शिलकी नफा सभासदांच्या खात्यावर, अशा रीतीने चालणाऱ्या या संस्थांपैकी अनेक आज त्याच गावांत इंटरनेटची काचतंतूची तार पुरवीत आहेत.

असे प्रयत्न केवळ श्रीमंत देशातच शक्य आहेत, असेही नाही. सरकारी कंपनीची तार जेथे पोहोचत नव्हती, अशा अर्जेंटिनातील लहान गावांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या सहकारी दूरध्वनी संस्था काढल्या. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावाने 2013 साली स्वतःचे मोबाइल जाळे उभे केले, आणि 2016 मध्ये आदिवासी समाजांच्या अशा जाळ्यांना तेथील नियामकाने रीतसर परवानाही दिला.

आपल्याकडील अनुभव मात्र संमिश्र आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था 1969 पासून ग्रामीण वीजवितरणाचा एक आदर्श मानली जाई. परंतु थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि 2011 साली तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. कवठेकरांची 'अन्योन्य'देखील पुढे बँक झाली, शंभरी ओलांडली आणि अखेर बंद पडली. दर ठरविताना हिशेबापेक्षा मतांचा विचार झाला आणि सभासद केवळ लाभार्थी उरला, की सहकाराची मुळे कुजू लागतात. सहकार म्हणजे फुकट सेवा नव्हे. ती आपणच आपल्यावर घातलेली शिस्त होय.

उलट बाजूस वारणेचे उदाहरण पाहावे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसरात 1998 साली 70 गावांना संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. जगभरचे ज्ञान शेतकऱ्याच्या दारी आणण्याची तिची मोठी स्वप्ने बव्हंशी कागदावरच राहिली. परंतु आपल्या उसाचे वजन किती भरले आणि पैसे किती झाले, हे गावातच समजणे शेतकऱ्याला खरे उपयोगी वाटले. पुढे काही गावांत हेच काम मोबाइलच्या संदेशांवर आणून पाहिले गेले आणि ते स्वस्तही पडले. संपर्काचे साधन संस्थेच्या रोजच्या व्यवहारात गुंफले गेले, तरच ते जगते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, आज नवी संस्था शून्यातून काढण्याची गरज नाही. वडोदरा, आणंद, खेडा या जिल्ह्यांत गावोगावी दूध संस्था आहेत; त्यांना जागा आहे, सचिव आहे आणि दररोज सकाळ-संध्याकाळ हिशेब लिहिण्याची सवय आहे. आपल्या किनारपट्टीवर विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. 2023 च्या करारानुसार प्राथमिक कृषी पतसंस्थांना सामान्य सेवा केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली आहे. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्राने 2011 साली मंजूर केली, तीच पुढे 'भारतनेट' झाली. पंचायतीच्या कचेरीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा गावातील एखाद्या उद्यमीकडे सोपविण्याची तरतूद आता तीत आहे. तो टप्पा व्यक्तीऐवजी गावाच्या संस्थेकडे का देऊ नये? ग्रामीण सेवेसाठी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जो निधी गोळा होतो, त्याला 2023 च्या नव्या दूरसंचार अधिनियमाने 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले आहे. त्यातील काही भाग अल्प व्याजाच्या कर्जाच्या रूपाने, आणि दूरच्या वाडीलाही सेवा देण्याच्या अटीवर, अशा संस्थांना मिळाला पाहिजे. परवान्याच्या नियमांत सहकारी संस्थेला स्पष्ट स्थान हवे आणि जिल्हापातळीवर दुरुस्तीची तांत्रिक फळीही हवी.

वादळात कोसळलेला खांब लगेच उभा राहावा, ही निकड मुंबई-दिल्लीतील कचेरीपेक्षा त्या खांबाखाली राहणाऱ्याला अधिक असते. आज त्याच्या हाती तक्रारीचा क्रमांक आहे, तोही खांब पडल्यावर लागत नाही. त्याच्या हाती मालकी दिली, तर दुरुस्तीचा निधी वेळेवर भरण्याची जबाबदारीही त्याच्यावर येईल, आणि ती त्याने टाळल्यास दोष द्यायला दुसरा कोणी उरणार नाही. ही जबाबदारी पेलावयास आपली गावे सिद्ध आहेत काय, याचे उत्तर सरकारने नव्हे, गावांच्या ग्रामसभांनी आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभांनी द्यावयाचे आहे. पावसाळ्यापूर्वी कौले परतून घेणाऱ्या आपल्या माणसाला डागडुजीचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. आता ती दक्षता घराबाहेरच्या तारेपर्यंत नेण्याची गरज आहे.