दिवा विझला म्हणजे ब्रेक सुधारला का?

कोल्हापूरहून कोकणात उतरायचे म्हटले की घाट आलाच. गगनबावड्याहून करूळचा किंवा भुईबावड्याचा, राधानगरीकडून फोंड्याचा, आजऱ्याकडून आंबोलीचा. चढताना कस लागतो तो इंजिनाचा आणि उतरताना ब्रेकचा. हा कस केवढा असतो, ते साध्या आकडेमोडीने पाहू.

समजा, माणसांसह १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ५०० मीटर खाली उतरली. तिची स्थितिज ऊर्जा १२०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ५९ लाख ज्यूलने कमी झाली. एवढ्या ऊर्जेत ३० अंश सेल्सियसचे २० लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली, तर यातला काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध उचलतो. उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते ती ब्रेकमध्ये.

ही उष्णता जिथे निर्माण होते ती जागा अगदी लहान असते. चाकाबरोबर एक तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. ती बहुधा करड्या बिडाची असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना हे बीड चांगले परिचयाचे आहे. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे उष्णता झटकन पसरते. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी दोन पॅड या डिस्कवर दाबतो. पॅडच्या पोलादी पाटीवर घर्षणाच्या मसाल्याचा थर असतो. नवा असताना तो साधारण १० मिलिमीटर जाड असतो. झिजून २-३ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे. तसे केले नाही, तर शेवटी पोलाद बिडावर घासू लागते.

पॅड चाकाच्या आत लपलेले असतात. मग ते झिजल्याची खबर चालकाला कशी मिळते?

खबर देण्याचे तीन मार्ग

पहिल्या मार्गात दिवाच नसतो. पॅडला स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी पट्टी जोडलेली असते. मसाला झिजला की ती डिस्कला टेकते आणि कर्कश किंकाळी ऐकू येते. नवे पॅड बसवले की आवाज थांबतो.

दुसरा मार्ग आडवळणाचा आहे. पॅड झिजतात तसे कॅलिपरमधले दट्ट्ये पुढे सरकतात. त्यांच्या मागची जागा भरायला ब्रेक ऑइल खाली जाते आणि टाकीतली पातळी उतरते. ती फार उतरली की टाकीतला तरंगता गोळा एक स्विच जोडतो आणि लाल दिवा लागतो. हँडब्रेक ओढलेला असला, तरी बहुतेक गाड्यांत हाच दिवा लागतो. नवे पॅड बसवताना दट्ट्ये मागे ढकलावे लागतात. त्यामुळे ऑइल टाकीत परत येते आणि दिवा आपोआप विझतो. मधल्या काळात कुणी वरून ऑइल ओतले असेल, तर पॅड न बदलताही दिवा विझलेला असतो. शिवाय पातळी गळतीमुळेही उतरते. म्हणून दिवा लागल्यावर आधी कारण शोधावे, ऑइलची बाटली नंतर उघडावी.

तिसऱ्या मार्गात पॅडमध्येच विजेची तार बसवलेली असते. तिचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात तारेचे टोक डिस्कला टेकले की परिपथ पूर्ण होतो आणि दिवा लागतो. दुसऱ्या प्रकारात तारेचा फास असतो आणि त्यातून सतत अगदी थोडा प्रवाह वाहतो. पॅड झिजले की डिस्क हा फास कापते, परिपथ तुटतो आणि दिवा लागतो.

दोन्हीत चांगला कोणता?

वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटतात. आता उंदराने ही तार कुरतडली अशी कल्पना करा. पहिल्या प्रकारात दिवा कधीच लागणार नाही. पॅड संपले तरी चालक निश्चिंत राहील. दुसऱ्या प्रकारात तार तुटताच दिवा लागेल. इशारा खोटा असेल, पण चालक गाडी तपासायला नेईल. बिघाड झालाच तर तो धोक्याच्या नव्हे, सावधगिरीच्या बाजूला झुकावा, हे सुरक्षेच्या रचनेचे मोठे तत्त्व आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रेल्वेसाठी जो ट्रॅक सर्किट पुढे आणला, तो याच तत्त्वावर चालतो. रुळांतून प्रवाह वाहत असेल तरच सिग्नल मोकळा. गाडी रुळांवर आली किंवा तार तुटली, तर तो धोका दाखवतो.

खडूचा ब्रेक

वर्गात हे करून पाहता येईल. दोन टॉर्चचे सेल, १०० ओहमचा रोध आणि लाल एलईडी एकसरीत जोडा. एलईडीची लांब तार सेलच्या धन टोकाच्या बाजूला हवी. खडूच्या टोकाला ब्लेडने सुमारे १ सेंटिमीटर खोल खाच पाडा. लवचीक वायरमधला एक बारीक तांब्याचा धागा खाचेच्या तळाशी आडवा बसवा आणि त्याची दोन्ही टोके एलईडीच्या दोन तारांना जोडा. आता प्रवाह सोप्या वाटेने, म्हणजे धाग्यातून जातो आणि एलईडी विझलेला राहतो. खडू सँडपेपरवर घासत जा. धागा तुटताच एलईडी लागेल.

दुसऱ्या प्रकारासाठी धाग्याचे एक टोक एलईडीच्या परिपथाला जोडा आणि परिपथाचे दुसरे टोक लोखंडी कानशीला बांधा. खडू कानशीवर घासा. धागा टेकला की दिवा लागेल. मग मधली एखादी तार सोडून ठेवा आणि मुलांना पुन्हा खडू घासू द्या.

पहिल्या मांडणीत आणखी एक गोष्ट करा. धागा तुटल्यावर त्याची टोके नुसती पिळून जोडा. दिवा विझेल, खडू मात्र झिजलेलाच राहील. सेन्सरच्या तारा पिळून दिवा बंद करण्याचा जुगाड नेमका हाच आहे. अशी गाडी घाटात उतरते तेव्हा तिला इशारा देणारे कोणी उरलेले नसते.

मग दिवा विझवायचा कसा?

टेकणारी तार असेल, तर नव्या पॅडबरोबर दिवा आपोआप विझतो. कापला जाणारा फास असेल, तर सेन्सरही नवा घालावा लागतो. काही गाड्यांत संगणक पॅडचे उरलेले आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत असतो. त्याला पॅड नवे आहेत हे सांगावे लागते. सामान्यतः इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करतात आणि गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोजणी नव्याने सुरू करतात. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत सेन्सरचा परिपथ तुटलेला असेल, तर संगणक ही आज्ञा नाकारतो. ते योग्यच आहे.

क्रम मात्र पाळायला हवा. आधी पॅड आणि सेन्सर बदलायचे. मग गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबायचे, कारण दट्ट्ये मागे गेलेले असल्याने पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. मग ऑइलची पातळी पाहायची आणि शेवटी दिव्याकडे वळायचे. अनेक गाड्यांत पुढच्या दोनपैकी एकाच चाकाला सेन्सर असतो. तेव्हा दिवा शांत असला, तरी इतर चाकांचे पॅड डोळ्यांनी पाहणे चुकत नाही.

दिव्याला पॅड दिसत नाही. त्याला फक्त परिपथ जोडला आहे की तुटला आहे एवढेच कळते. विद्यार्थ्यांना घरातल्या आणि शाळेतल्या इशारा देणाऱ्या साधनांची यादी करायला सांगावी आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहायला लावावा: याची तार तुटली, तर हे ओरडेल की गप्प बसेल? पाण्याच्या टाकीच्या गजरापासून सुरुवात करता येईल.