‘सैराट’चें वेड

लोकांना एखाद्या बोलपटाचें वेड लागलें, म्हणजे त्यांतील सर्वच त्यांच्या मनांत उतरतें असें नाहीं. कांहीं उचललें जातें, कांहीं मागें राहतें. ही निवड कशी होते, याचें उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यांत आहे.

करमाळा तालुक्यांतील जेऊरचे श्री. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला. आर्चीची भूमिका करणारी अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हां शाळकरी मुलगी होती. आर्ची बुलेट चालवी, ट्रॅक्टर हांके. तिची ठसकेबाज बोली गांवोगांवच्या मुलींच्या तोंडीं बसली. अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’नें तर लग्नाच्या वराती काबीज केल्या.

परंतु कथेचा शेवट? जातीच्या अभिमानापायीं आर्ची व परशा यांची हत्या होते, आणि त्यांचें अजाण मूल रक्ताचीं पावलें उमटवीत रडत घराबाहेर पडतें. तेथें दिग्दर्शकानें सारे आवाज बुद्ध्याच थांबविले आहेत. गाणें कथेपासून सुटें करतां येतें, त्यावर नाचतां येतें. निःशब्दता कोण गुणगुणणार? म्हणून ‘गाणीं झकास!’ हा अभिप्राय सर्वत्र ऐकूं येतो. (तो खोटा नव्हे, अर्धा आहे.) जातीबाहेरची सोयरीक ज्या घरांत निषिद्ध, त्या घरच्या वरातींतहि ‘झिंगाट’ वाजतें, आणि कोणास कांहीं खटकत नाहीं.

२०१८ मध्यें याच कथेवर ‘धडक’ हा हिंदी चित्रपट निघाला. कथा उदेपुरास गेली. ‘झिंगाट’ हिंदी शब्द घेऊन बरोबर गेलें. जातीचा प्रश्न मात्र अगदीं पुसट झाला.